जेम ब्लेडचा जुना रेझर आणि महागडा नवा रेझर: तुलना कशी करावी

एव्हर-रेडी कंपनीचा ‘१९१२’ हा शंभर वर्षांहून जुन्या रचनेचा अमेरिकन रेझर. ब्लॅकलँड कंपनीचा सेबर हा आजच्या, संगणकानं चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर अख्ख्या स्टेनलेस स्टीलमधून कोरून काढलेला. किंमत, वजन, घडण, सगळंच वेगळं. तरीही दोघांत बसतं ते एकच ब्लेड: एका बाजूला धार आणि पाठीला दुमडलेल्या पत्र्याचा कणा असलेलं जेम ब्लेड. जुन्या आणि नव्या सिंगल एज, म्हणजे एका धारेच्या रेझरची तुलना करायची असेल, तर मी अशाच जोडीपासून सुरुवात करायला सांगतो. एका रेझरमध्ये एक ब्लेड, दुसऱ्यात भलतंच, आणि मग ‘नवा जास्त गुळगुळीत दाढी करतो’ असा निकाल, ही तुलना रेझरची होत नाही. ती ब्लेडची होते.

ब्लेड तेच ठेवलं की नव्या रेझरला मोजलेले जादा पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न मोकळा होतो. माझं उत्तर असं: ते पैसे जास्त जवळून होणाऱ्या दाढीचे नसतात. ब्लेड किती घट्ट, किती सरळ आणि किती बाहेर धरलं जातं, आणि ते पुढची अनेक वर्षं तसंच धरलं जाईल का, याचे असतात. पुढचं सगळं हे स्वतःच्या गालावर पडताळून कसं पाहायचं, यासाठी आहे.

आधी ब्लेडची घराणी

आपल्याकडे रेझर म्हटलं की दोन्ही बाजूंना धार असलेलं पातळ ब्लेड डोळ्यांसमोर येतं. जिलेटनं १९०३ मध्ये ते विकायला काढलं आणि पुढं जगभर तेच रुजलं. एका धारेचा सेफ्टी रेझर मात्र त्याच्याही आधीचा. न्यू यॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये पेटंट घेतलं, आणि त्यांचा ‘स्टार’ रेझर म्हणजे वस्तऱ्याचा आखूड तुकडा एका चौकटीत बसवलेला. त्याला चामड्याच्या पट्ट्यावर धार लावावी लागे. वापरून टाकून देण्याची, कणा असलेली ब्लेडं नंतर आली. जेम, एव्हर-रेडी आणि स्टार ही सगळी नावं पुढं अमेरिकन सेफ्टी रेझर या एकाच कंपनीखाली एकत्र झाली.

आज एका धारेच्या ब्लेडची जी घराणी बाजारात आहेत, ती एकमेकांच्या रेझरमध्ये बसत नाहीत. विकत घेण्यापूर्वी सर्वांत आधी हेच तपासायचं. जेम ब्लेड सुमारे ०.२३ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या नेहमीच्या ब्लेडच्या दुपटीहून जाड. जाड असल्यामुळं ते केसाला लागून थरथरत नाही आणि वाकत नाही. दुसरं घराणं इंजेक्टरचं. जेकब शिक या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यानं १९२० च्या दशकात आणलेल्या या पद्धतीत छोट्या डबीतून नवं ब्लेड आत सरकवलं की जुनं आपोआप बाहेर पडतं, बोट धारेला लागत नाही. आजचा ‘सप्लाय’ हा महागडा रेझर याच ब्लेडवर चालतो. तिसरं जपानी आर्टिस्ट क्लब: मुळात सलूनमधल्या घडीच्या वस्तऱ्यांसाठी बनलेली, सहा सेंटिमीटरच्या आसपास लांब, अतिशय धारदार ब्लेडं. फेदर आणि काई (Kai) या कंपन्या ती बनवतात, आणि ब्लॅकलँड व्हेक्टर किंवा रेझोरॉक हॉक अशा नव्या रेझरमध्ये ती बसतात. त्याशिवाय वनब्लेड कंपनीच्या रेझरला लागणारं फेदरचं वेगळं ब्लेड आहे.

आणि एक घराणं आपल्या अगदी जवळचं. लीफ कंपनीचा ‘ट्विग’ हा सिंगल एज रेझर नेहमीचं ब्लेड मधोमध मोडून त्याच्या अर्ध्या भागावर चालतो. आपल्या सलूनमधल्या वस्तऱ्यात न्हावी कागदातच मोडून जे अर्धं ब्लेड बसवतो, तेच हे. त्याचं ब्लेड कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं, जेम ब्लेड मात्र बहुधा परदेशातून मागवावं लागतं. हा फरक छोटा नाही. रेझर एकदाच घ्यायचा असतो, ब्लेडं कायमची.

जेम ब्लेड घेताना आणखी एक खबरदारी. याच मापाची ब्लेडं काच किंवा रंग खरवडण्यासाठीही विकली जातात. दिसायला सारखीच, पण साध्या कार्बन पोलादाची, बिनलेपाची आणि तेलकट. ती चेहऱ्यासाठी नाहीत. पाकिटावर दाढीसाठीची, स्टेनलेस आणि लेप दिलेली असं स्पष्ट लिहिलेलं पाहूनच घ्या.

जोडी निवडताना

जुन्यांपैकी दोन रेझर मी सुचवेन. पहिला एव्हर-रेडी किंवा जेमचा १९१२ धाटणीचा. बिजागरीवर उघडणारं झाकण, पुढं दात, बाकी काही नाही. बिघडण्यासारखे भागच कमी. दुसरा जेम मायक्रोमॅटिक: दांड्याच्या तळाची मूठ फिरवली की डोक्याचं झाकण उघडतं. १९३० च्या दशकातला मोकळ्या दातांचा मायक्रोमॅटिक जरा तिखट वाटतो, नंतरचा बंद पट्टीचा ‘क्लॉग-प्रूफ’ बहुतेकांना सोपा जातो.

नव्यापैकी सेबर घ्यावा, तो तीन पातळ्यांत मिळतो म्हणून. पहिली पातळी सौम्य, तिसरी कडक. जुना रेझर ज्या स्वभावाचा बनला त्याच स्वभावाचा राहतो, नव्यात तो तुम्ही निवडता. मायक्रोमॅटिकशी तुलना करायची असेल तर मधली पातळी घ्या. सौम्य सेबर आणि तिखट मायक्रोमॅटिक शेजारी ठेवले तर तुमच्या हाती फक्त दोन स्वभावांतला फरक लागेल, घडणीतला नाही.

किंमतीचं गणित ढोबळ सांगायचं तर असं. नवा सेबर शंभर डॉलरच्या पुढं जातो, त्यावर पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क. चांगल्या अवस्थेतला १९१२ त्या रकमेच्या छोट्या अंशात मिळू शकतो. मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार फिरायची सवय असेल तर दाढीच्या जुन्या सामानाच्या ढिगात नजर ठेवा. कधी लंडनच्या क्रिकलवूडमध्ये बनलेला रोल्स रेझर नजरेला पडला, तर तोही एका धारेचाच. चपट्या धातूच्या डबीत ब्लेड, डबीच्या एका झाकणाला धार लावायचा दगड, दुसऱ्याला चामड्याचा पट्टा, आणि दांडा मागे-पुढे ओढला की ब्लेडला आपोआप धार लागते. फार देखणी वस्तू आहे. पण तिचं ब्लेड कायमचं असतं आणि दुसऱ्या घराण्याचं बसत नाही, म्हणून या तुलनेसाठी ती उपयोगाची नाही.

जुना रेझर पारखणं

इथं घाई करू नका. जुन्या रेझरची वाईट ख्याती मुख्यतः वाकड्या, झिजलेल्या नगांमुळं झाली आहे.

चमक सर्वांत शेवटी पाहा. बहुतेक जुने जेम आणि एव्हर-रेडी पितळेचे, वर निकेलचा मुलामा. मुलामा उडाला असेल तरी दाढी उत्तम होते, फक्त रेझर पिवळसर दिसतो. खरी परीक्षा ब्लेडच्या अडण्यांची. डोक्याच्या दोन टोकांना ब्लेडची धार अडवणारे बारीक उंचवटे असतात. वर्षानुवर्षं ब्लेड घासून त्यांतला एक जास्त झिजला असेल, तर ब्लेड तिरकं बसतं, एका बाजूनं जास्त डोकावतं आणि तीच बाजू कातडी कापते. दोन्ही अडण्या भिंगाखाली पाहून सारख्या आहेत ना, हे बघा. परदेशातून मागवत असाल तर विक्रेत्याकडं ब्लेड बसवून समोरून काढलेला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ होत असेल तर सोडून द्या.

त्यानंतर झाकण. १९१२ मध्ये झाकण मिटताना स्पष्ट ‘टक’ आवाज यायला हवा आणि बोटानं ढकलल्यावर ते हलता कामा नये. मायक्रोमॅटिकमध्ये मूठ फिरवताना अडखळ चालते, ती बहुधा वाळलेल्या साबणाची असते. पण पूर्ण आवळल्यावरही झाकण सैल राहत असेल तर आतली यंत्रणा झिजली आहे. दांड्यावर उभी बारीक भेग आहे का, हे तिरप्या उजेडात पाहा. दात वाकलेले असतील तर नग घेऊ नका. पक्कडीनं सरळ करायला गेलात की पितळ तुटतं.

साफसफाई

जुन्या रेझरवर अनोळखी माणसाच्या कित्येक दाढ्यांचा साबण बसलेला असतो. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवाचे थेंब टाकून त्यात तो काही तास ठेवा, मग मऊ टूथब्रशनं दात आणि बिजागरी घासा. मायक्रोमॅटिक असेल तर पाण्यातच मूठ पुन्हा पुन्हा उघडमीट करा, आतला राप सुटतो. शेवटी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवून वाळवा.

चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा तांब्या-पितळेची भांडी चमकवायची पूड यातलं काहीही लावू नका. देवाची भांडी या उपायांनी उजळतात, कारण तिथं पितळ उघडं असतं. इथं वर निकेलचा पातळ थर आहे, आणि आम्ल तो खातं. उकळत्या पाण्यातही टाकू नका, विशेषतः रेझर बेकलाइटच्या (जुन्या काळच्या कडक प्लास्टिकच्या) डबीसह असेल किंवा दांडा प्लास्टिकचा असेल तर.

ब्लेड बसवून सरळपणा पाहणं

तुलनेतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा दाढीच्या आधीच येतो. दोन्ही रेझरमध्ये एकाच पाकिटातलं एकेक कोरं ब्लेड घाला. कणा मागच्या बाजूला, धार पुढं. ब्लेड उचलताना कणा धरा, धारेला टिश्यूही लावू नका. मग रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून खिडकीकडं पाहा. धार आणि पुढची पट्टी यांच्यामधली उजेडाची फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी दिसायला हवी. जुन्यात ती किंचित तिरकी निघाली तर झाकण उघडून ब्लेड पुन्हा अडण्यांना टेकवा. तीनदा बसवूनही तिरकीच राहिली, तर त्या नगानं दाढी करू नका.

महागडा नवा रेझर इथं सहज जिंकतो. प्रत्येक वेळी, कसंही बसवलं तरी फट सारखी. एवढे पैसे घेणारा नवा रेझर हेही करत नसेल, तर तो परत करायला अजिबात संकोच करू नका.

प्रत्यक्ष दाढी

बाकी सगळं सारखं ठेवा: तोच साबण, तोच ब्रश, दाढीची वाढ तेवढीच, पाणी तेच. आज गालाची उजवी बाजू जुन्यानं, डावी नव्यानं. पुढच्या दाढीला बाजू बदला. ही अदलाबदल गरजेची आहे, कारण उजव्या हातानं स्वतःचा उजवा गाल आणि डावा गाल सारख्याच सफाईनं होत नाही, आणि तो दोष रेझरच्या नावावर जाऊ नये. ब्लेडं तीच ठेवून असं किमान चार दाढ्या करा. पहिल्या दाढीवर निकाल देणं म्हणजे फक्त कोऱ्या धारेचं कौतुक.

कोन हा सिंगल एजचा प्राण आहे. दोन्ही बाजूंच्या रेझरची सवय असलेला हात जुन्या जेमचा दांडा जास्तच खाली झुकवतो, मग ब्लेड खरवडतं आणि माणूस रेझरला दोष देतो. मायक्रोमॅटिकचं झाकण सपाट आहे. ते सपाट झाकणच गालावर टेकवा, दांडा गालापासून जवळजवळ काटकोनात बाहेर येईल. मग दांडा अगदी हळूहळू खाली आणत छोटे हात मारा. केस कापल्याचा ‘खर्रर्र’ आवाज सुरू झाला की थांबा. तोच तुमचा कोन. नव्या रेझरचा कोनही असाच शोधा, जुन्याचा त्याला लावू नका. जोर अजिबात द्यायचा नाही. डोक्याचं वजन पुरेसं असतं, आणि जाड ब्लेड जोर माफ करत नाही.

पहिला हात केसांच्या रोखानं. दुसरा आडवा. उलटा हात पहिल्या दोन दाढ्यांत मारूच नका, विशेषतः गळ्यावर, नाहीतर जी आग होईल ती रेझरची की उलट्या हाताची, हे कळणार नाही.

काय पाहायचं आणि कधी

आरशासमोर, ओल्या गालावर हात फिरवून जे वाटतं त्यावर माझा फारसा विश्वास नाही. ओल्या कातडीवर सगळंच गुळगुळीत लागतं. त्यापेक्षा तुरटी खरं बोलते. आपल्या न्हाव्यांनी ती जखम बंद करायला वापरली, इथं ती परीक्षक म्हणून वापरा. थंड पाण्यानं चेहरा धुऊन तुरटीचा ओला खडा दोन्ही बाजूंवर सारखा फिरवा. जिथं चुरचुरतं, तिथं ब्लेडनं केसाबरोबर कातडीचा वरचा थरही खरवडला आहे. कोणत्या बाजूला, कंठमण्यापाशी की जबड्याच्या कोपऱ्यात, हे लगेच वहीत लिहून ठेवा, दुपारपर्यंत आठवत नाही. मग चेहरा धुऊन टाका.

दुसरी नोंद संध्याकाळी. कोरड्या गालावर बोटाचं टोक खालून वर फिरवलं की कुठं खुंट लागतात ते समजतं. तिसरी दुसऱ्या दिवशी सकाळी, गळ्यावर पुरळ आलं का, यासाठी. केस कुरळे असतील तर ही तिसरी नोंद पहिल्या दोन्हींपेक्षा महत्त्वाची माना, कारण फार खोल कापलेला कुरळा केस कातडीखाली वळतो.

नाकाखालची जागा वेगळी तपासा. मायक्रोमॅटिकचं डोकं जाडजूड आहे, वरच्या ओठावर कोन साधायला जागा कमी पडते. १९१२ तिथं जास्त सोयीचा, आणि सेबर त्याहून. मिशी ठेवणाऱ्यांनी कडेची रेघ कोणत्या रेझरनं नीट येते हेही पाहावं. आर्टिस्ट क्लबचा लांब ब्लेडचा रेझर इथं सर्वांत अवघड जातो.

मला काय दिसतं

सरळ बसलेल्या ब्लेडचा चांगला १९१२ आणि मधल्या पातळीचा सेबर, या दोघांनी केलेली दाढी संध्याकाळी हातानं ओळखता येणं कठीण आहे. गालावर तर नाहीच. फरक पडतो तो गळ्यावर आणि घाईच्या सकाळी. नव्या रेझरमध्ये ब्लेड धारेच्या अगदी जवळ आणि पूर्ण लांबीभर दाबलेलं असतं, त्यामुळं हात थोडा चुकला तरी तो सांभाळून घेतो. जुना लक्ष मागतो. ते लक्ष देण्यात आनंद वाटत असेल तर जुन्यासारखा रेझर नाही. त्याचा आवाज, त्याचं हलकं डोकं, झाकणाची ‘टक’ ही सगळी मजा नव्यात नाही.

दुसरा खरा फरक धातूचा, आणि तो आपल्या हवेत लवकर दिसतो. कोकणातला पावसाळा किंवा बोअरवेलचं जड पाणी असेल तर मुलामा उडालेल्या पितळेवर हिरवट कळंक चढतो आणि दातांत क्षार साठतात. अख्ख्या स्टेनलेसवर मुलामाच नाही, तेव्हा उडणार काय? क्षार धुतले की झालं. पण म्हणून नवा तेवढा टिकाऊ असं समजू नका. स्वस्तातले बरेच नवे रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वर क्रोमचा मुलामा. तो एकदा फुटला की आतून खड्डे पडतात. त्यांच्यापेक्षा १९१२ चं पितळ कितीतरी पटींनी बरं. मधल्या किंमतीचा जस्ताचा नवा रेझर घेण्यापेक्षा एकतर चांगला जुना घ्या, नाहीतर पैसे साठवून स्टेनलेस.

म्हणून क्रम असा सुचवतो. सिंगल एज पहिल्यांदाच वापरत असाल तर जुना १९१२ आणि एक ब्लेडचं पाकीट. कोन हाताला बसला, जाड ब्लेड आवडलं, आणि तरी गळ्यावर चुरचुर राहत असेल, तर सौम्य पातळीचा सेबर घ्यायला सबळ कारण आहे. जेम ब्लेड मागवत बसणं जमणार नसेल, तर दोन्ही सोडून ट्विगचा विचार करा. त्यात जाड ब्लेडची घट्ट कापणी मिळणार नाही, पण ब्लेड कधीच अडणार नाही.

निगा

दाढी झाली की रेझर उघडून धुवा, झटका आणि उघडाच वाळू द्या. ब्लेड पुसू नका. बाथरूममधल्या बंद कपाटापेक्षा खिडकीजवळची जागा बरी. स्टेनलेस रेझरच्या आट्यांवर महिन्यातून एकदा खनिज तेलाचा थेंब सोडा, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं घासलं तर आटे एकमेकांत जाम होतात. मायक्रोमॅटिकच्या मुठीलाही तेवढंच तेल. जादा ब्लेडं पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवा.

वापरलेलं जेम ब्लेड कचऱ्यात कधीही सुटं टाकू नका. ते जाड आहे, पिशवी सहज फाडतं, आणि कचरा हातानं वेगळा करणाऱ्या सफाई कामगाराच्या बोटात जातं. पत्र्याच्या रिकाम्या डब्याचं झाकण चिकटवून वर एक चीर पाडा आणि ब्लेडं त्यात टाकत जा. डबा भरला की चीर चिकटपट्टीनं बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ असं लिहा, आणि तो ओल्या कचऱ्यात न टाकता घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या.